दुसऱ्याचा आघात ऐकणाऱ्यांसाठी सजगता

हिंसाचार, अत्याचार, अपघात किंवा नैसर्गिक आपत्ती यांतून वाचलेल्या माणसाला सावरण्यासाठी कायदे होतात, योजना आखल्या जातात, कार्यालये उघडली जातात. परंतु त्या माणसासमोर प्रत्यक्ष बसून त्याचे बोलणे ऐकून घेण्याचे काम अखेर दुसऱ्या एखाद्या माणसालाच करावे लागते, आणि त्या ऐकणाऱ्याच्या मनाचे पुढे काय होते याचा विचार बहुतेक योजनांच्या कागदपत्रांत नसतो. सोलापूरसारख्या जिल्ह्यात अशा ऐकणाऱ्यांची संख्या थोडी नाही. ‘सिव्हिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातील कॅज्युअल्टीतल्या परिचारिका आणि निवासी डॉक्टर, सखी वन स्टॉप सेंटरमधील समुपदेशक, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली काम करणारे संरक्षण अधिकारी, बालकल्याण समितीचे सदस्य, जबाब नोंदवणाऱ्या महिला पोलीस अधिकारी, १०८ रुग्णवाहिकेवरील कर्मचारी आणि गावोगावच्या आशा कार्यकर्त्या ही सर्व माणसे दुसऱ्यांवर कोसळलेल्या प्रसंगांच्या सान्निध्यात दिवसामागून दिवस काढतात. सोलापूरच्या सिव्हिलवर तर केवळ याच जिल्ह्याचा भार नाही. धाराशिव आणि लातूरकडून, तसेच सीमेपलीकडच्या विजयपूर आणि कलबुर्गी भागांतूनही रुग्ण येथे आणले जातात.

मानसशास्त्रात ‘आघात’ हा शब्द साध्या दुःखासाठी वापरला जात नाही. जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका निर्माण करणारा आणि मनाची नेहमीची पेलण्याची ताकद अपुरी ठरवणारा अनुभव म्हणजे आघात, आणि त्याची खूण अशी की प्रसंग संपल्यावरही शरीर तो संपला असे मानत नाही. झोप उडते, लहानशा आवाजाने दचकायला होते, नको असलेली दृश्ये आपोआप डोळ्यांसमोर येतात. अशा अनुभवाचे तपशील वारंवार ऐकणाऱ्याच्या किंवा त्याचे परिणाम वारंवार पाहणाऱ्याच्या मनातही हीच लक्षणे सौम्य रूपात उमटू शकतात, हे गेल्या काही दशकांत संशोधकांनी सविस्तर मांडले आहे. लिसा मॅककॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन यांनी १९९० साली मांडलेल्या कल्पनेनुसार सततच्या ऐकण्याने मदत करणाऱ्याची जगाकडे पाहण्याची दृष्टीच हळूहळू बदलते, माणसांवरचा विश्वास आणि स्वतःच्या सुरक्षिततेची भावना यांना तडा जातो; याला परोक्ष आघात म्हणता येईल. चार्ल्स फिग्ली यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात ‘करुणेचा थकवा’ ही संज्ञा रूढ केली. दुसऱ्याच्या वेदनेशी समरस होण्याची किंमत म्हणून येणारी ही थकावट असून तिच्यात कधी अतिहळवेपणा येतो, तर कधी नेमका उलटा, म्हणजे काहीच न वाटण्याचा बधिरपणा येतो. या दोहोंहून वेगळी अवस्था म्हणजे ‘बर्नआउट’. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी वर्णन केलेली आणि पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी मोजमापाच्या कक्षेत आणलेली ही अवस्था आघाताच्या ऐकण्यातून येतेच असे नाही. ती कामाचा अतिरेकी बोजा, निर्णयाचे स्वातंत्र्य नसणे आणि कष्टांची दखल न घेतली जाणे यांतूनही येते. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हटले आहे. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे, कारण ज्या दुखण्याचे मूळ कार्यालयात आहे त्यावरचा उपाय केवळ कर्मचाऱ्याच्या श्वासात शोधणे अन्यायाचे होईल.

ऐकण्यातून होणाऱ्या इजेला वैद्यकशास्त्राने औपचारिक मान्यताही दिली आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत आघातोत्तर ताणविकाराच्या निकषांत, मृतदेहांचे अवशेष गोळा करणारे मदतकर्मी किंवा बालअत्याचाराचे तपशील पुन्हापुन्हा ऐकावे लागणारे पोलीस अशा, व्यवसायामुळे त्या तपशिलांना वारंवार सामोरे जाणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडच्या बोलण्यात मात्र या अवस्थेसाठी दोनच वाक्ये तयार असतात: नव्याने रुजू झालेल्याला ‘मनावर घेऊ नका’ असे सांगितले जाते आणि जुना झालेला ‘आता सवय झाली’ असे सांगतो. पहिले वाक्य सांगणाऱ्याला ते कसे साधायचे हे सांगता येत नाही, आणि दुसऱ्या वाक्यातली सवय ही पुष्कळदा सवय नसून फिग्ली ज्याला थकवा म्हणतात तो बधिरपणाच असतो.

कायद्याची रचना पाहिली तर ही उणीव अधिक ठसठशीत होते. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात बालकाचा जबाब शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, बालकाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, आणि गणवेशात नसताना घ्यावा अशी बारकाईची तरतूद आहे. बालकाच्या दृष्टीने ती अत्यंत योग्य आहे. परंतु साध्या वेशात बसून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता सहा-सात वर्षांच्या मुलीचे बोलणे शब्दशः लिहून घेणारी ती अधिकारी तेथून उठल्यावर दुसऱ्या बंदोबस्ताला जाते, आणि त्या दोन कामांच्या मधल्या अवकाशाबद्दल कोणताही नियम काही सांगत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला; त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याला कौटुंबिक घटना अहवाल भरावा लागतो, ज्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक हिंसेचे रकाने असतात आणि प्रत्येक रकान्यासाठी त्या स्त्रीला तो प्रसंग पुन्हा उच्चारावा लागतो, म्हणजे अधिकाऱ्यालाही तो पुन्हा ऐकावा लागतो. १ एप्रिल २०१५ पासून सुरू झालेल्या वन स्टॉप सेंटरच्या योजनेत वैद्यकीय मदत, पोलिसी मदत, कायदेशीर सल्ला, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एका छताखाली आले, ही मोठीच सोय झाली. पण ज्या छताखाली सर्व मदत एकवटते त्या छताखाली सर्व दुःखही एकवटते.

सोलापुरात या कामाला आणखी एक पदर आहे. या शहरात मराठीच्या बरोबरीने तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलल्या जातात; विणकामासाठी तेलंगणातून येऊन स्थायिक झालेला पद्मशाली समाज, विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या वसाहती, सीमेलगतचा कन्नडभाषक अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा पट्टा यांमुळे मदत मागायला आलेली स्त्री आपली व्यथा स्वतःच्या भाषेत सांगते आणि ती समजून घेऊन मराठी कागदावर उतरवण्याचे काम बहुधा हाताशी असलेल्या एखाद्या सहकाऱ्यावर, परिचारिकेवर किंवा शिपाईबाईंवर येते. दुभाष्याला ती हकिकत एकदा ऐकावी लागते आणि दुसऱ्यांदा ‘मी’ असे म्हणून स्वतःच्या तोंडून सांगावी लागते. प्रथमपुरुषी बोलण्यामुळे परोक्ष आघाताचा धोका वाढू शकतो हे दुभाष्यांच्या प्रशिक्षणात जगभर शिकवले जाते. सोलापुरात मात्र अशा दुभाषेपणाला काम म्हणून गणलेच जात नाही, मग त्याच्या ओझ्याची नोंद कोण घेणार?

या परिसराने सामूहिक आघाताचा सर्वांत मोठा अनुभव घेतला तो ३० सप्टेंबर १९९३ रोजी. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या सुमारे ६.२ तीव्रतेच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली आणि मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान गेली. भूकंपाची तीव्रता जगाच्या हिशेबात मध्यम असूनही एवढी माणसे दगावली याचे कारण घरांच्या बांधणीत होते: मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, आणि माणसे गाढ झोपेत. जखमींना उमरगा, लातूर आणि सोलापूर येथील रुग्णालयांत हलवण्यात आले. किल्लारीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेल्या सोलापुरात १९६३ साली स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने चिरडलेले हातपाय, मणक्याच्या इजा आणि नातेवाईक गमावलेली, पत्ता सांगू न शकणारी मुले यांचा लोंढा पेलण्याचे काम येथील डॉक्टर, सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशी-मामांवरही आले, तर ढिगाऱ्यांतून मृतदेह काढण्याचे आणि सामूहिक दहनाचे काम लष्कराचे जवान, पोलीस आणि स्वयंसेवक यांनी केले.

वाचलेल्यांच्या मनाची तपासणी त्यानंतर झाली. १९९६ साली अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्रीमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तपासलेल्या भूकंपग्रस्तांपैकी अर्ध्याहून अधिक जणांत मानसिक विकाराची लक्षणे, मुख्यतः आघातोत्तर ताणविकार आणि नैराश्य, आढळली. पुनर्वसनाचा कार्यक्रम जागतिक बँकेच्या साहाय्याने वर्षानुवर्षे चालला, ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, घरदुरुस्तीच्या कामात गावातल्या स्त्रियांना ‘संवाद साहाय्यक’ म्हणून नेमले गेले आणि त्यातूनच स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था पुढे आली. या संवाद साहाय्यक स्त्रियांकडे या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्ष द्यायला हवे, कारण त्या मदतनीसही होत्या आणि भूकंपग्रस्तही. शासन आणि गाव यांच्यामध्ये उभे राहून शेजारणीच्या घराची मापे घेणारी, तिच्या तक्रारी ऐकणारी बाई स्वतःच्याच पडलेल्या घरातून आलेली असे. आघातावर काम करणाऱ्यांच्या वाङ्मयात याला सामायिक आघात म्हणतात, आणि भारतातील आशा कार्यकर्त्यांपासून पोलीस पाटलांपर्यंत पुष्कळांची स्थिती हीच असते: ज्या गावात संकट आले त्याच गावात त्यांचे घर असते. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, सोलापूरच्या परिचारिकांनी आणि आशांनी तोच अनुभव घेतला. वॉर्डात मृत्यू पाहून घरी परतणाऱ्या परिचारिकेच्या स्वतःच्या घरातही कोणीतरी तापाने आजारी असे.

सोलापूरच्या सामूहिक स्मृतीत मदतनीसाचे जे चित्र ठसले आहे तेही येथे विचारात घ्यावे लागते. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धातील जखमींवर अहोरात्र शस्त्रक्रिया करत राहिले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि अपस्माराचे झटके येत असतानाही काम न थांबवता ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निधन पावले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला आणि सोलापूरला आजही त्यांचा यथार्थ अभिमान आहे. त्यांच्या त्यागाला कोणतेही उणे न आणता एवढे मात्र म्हणायला हवे की युद्धभूमीवरच्या एका असामान्य माणसाचा त्याग हा शांततेच्या काळातल्या प्रत्येक परिचारिकेकडून, प्रत्येक समुपदेशकाकडून रोज अपेक्षिण्याचा मापदंड होऊ शकत नाही. ‘सेवा’ या कल्पनेचे आपल्याकडे इतके उदात्तीकरण झाले आहे की थकलो असे म्हणणे म्हणजे सेवेत कमी पडणे असा अर्थ लावला जातो, आणि त्यामुळे थकवा सांगितलाच जात नाही. स्वतःची काळजी घेणे हा या कामाचा भाग आहे, कामातून घेतलेली सवलत नव्हे, हे मान्य झाल्याशिवाय पुढच्या कोणत्याही उपायाला अर्थ राहत नाही.

सजगता हा त्या उपायांपैकी एक. आपले लक्ष हेतुपूर्वक वर्तमान क्षणाकडे वळवणे आणि तेथे जे आढळेल, मग ती श्वासाची हालचाल असो, खांद्यांतला ताण असो की मनात उसळलेली चीड असो, त्यावर चांगले-वाईट असा शिक्का न मारता ते जाणून घेणे, असा तिचा साधारण अर्थ आहे. तिचे मूळ बौद्ध साधनेत, विशेषतः सतिपट्ठान सुत्तात वर्णिलेल्या काया, वेदना, चित्त आणि धम्म यांच्या निरीक्षणात आहे. महाराष्ट्राला ती परकी नाही. सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यनेचे इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून चालू आहे आणि बुद्धविहारांमधून आनापानाचा, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे पाहण्याचा, सराव केला जातो. आधुनिक वैद्यकात ती आणली जॉन कबाट-झिन यांनी. १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, ज्यात धार्मिक चौकट बाजूला ठेवून केवळ सरावावर भर होता.

मदतनीसाच्या बाबतीत या सरावाचे काम कोणते, हे नेमके समजून घेणे आवश्यक आहे. भयंकर प्रसंग ऐकताना ऐकणाऱ्याचे शरीरही धोक्याच्या अवस्थेत जाते: मेंदूतील अमिग्डला हा धोका हेरणारा भाग सक्रिय होतो, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास वरवरचा होतो, जबडा आणि पोट आवळले जाते. चेहरा शांत ठेवण्याचे प्रशिक्षण असल्याने हे बाहेर दिसत नाही, आणि बऱ्याचदा त्या माणसालाही कळत नाही. संध्याकाळी घरी मुलावर विनाकारण ओरडल्यावर किंवा रात्री दोन वाजता जाग आल्यावरच त्याचा पत्ता लागतो. सजगतेचा पहिला लाभ एवढाच की हा ताण संध्याकाळऐवजी दुपारीच, तो शरीरात शिरताना, लक्षात येतो. दुसरा लाभ श्वासाच्या द्वारे मिळतो. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना ती किंचित मंदावते, कारण सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम अधिक प्रभावी होतो; म्हणून घेण्यापेक्षा सोडण्याला थोडा अधिक वेळ दिला की शरीर धोक्याच्या अवस्थेतून परतू लागते. यात चमत्कार काही नाही, हे शरीराचे नित्याचेच काम आहे.

तिसरा लाभ अधिक सूक्ष्म असून मदतनीसांच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे. जर्मनीतील लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत टानिया सिंगर, ओल्गा क्लिमेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले की दुसऱ्याची वेदना स्वतःत अनुभवण्याचा सराव दिलेल्या लोकांच्या मनात त्रासदायक भावना वाढल्या, परंतु नंतर त्याच लोकांना करुणेचा, म्हणजे दुःखी माणसाबद्दल मायेची आणि त्याचे भले व्हावे या इच्छेची भावना जोपासण्याचा सराव दिल्यावर सकारात्मक भावना वाढल्या आणि मेंदूतील वेगळी जाळी कार्यरत झाली. समवेदना आणि करुणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणूस थकतो तो मुख्यतः पहिलीने. ‘करुणेचा थकवा’ ही संज्ञा म्हणूनच काहीशी दिशाभूल करणारी आहे. बौद्ध परंपरेतील मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांच्या रचनेतही हे ज्ञान दडलेले आहे. तेथे करुणेच्या जोडीला उपेक्षा, म्हणजे समोरच्याचे भले चिंतूनही फळावर ताबा नाही हे जाणणारी समता, मुद्दाम ठेवलेली आहे. चौथ्यांदा नवऱ्याकडे परत जाणाऱ्या स्त्रीची फाइल बंद करताना समुपदेशकाला सर्वाधिक गरज असते ती याच समतेची.

प्रत्यक्षात हा सराव कसा दिसतो? दिवसाला पाच-सहा प्रकरणे हाताळणाऱ्या समुपदेशकाला अर्धा तास मांडी घालून बसणे शक्य नसते, आणि त्याची आवश्यकताही नसते. एक स्त्री बोलून बाहेर गेली आहे आणि दुसरी बाकावर वाट पाहत आहे, या मधली तीन मिनिटे पुरेशी होतात. आधी फाइल बंद करून ती टेबलाच्या बाजूला ठेवायची, पुढच्या फाइलीच्या वर नाही. चपला काढून दोन्ही तळवे शहाबादी फरशीवर टेकवायचे आणि फरशीचा गारवा, टाचांवरचा भार जाणवू द्यायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो गारवा सहज जाणवतो. मग जबडा, खांदे, पोट यांत कोठे आवळलेले आहे ते पाहायचे, सैल करण्याची घाई न करता. मनात जे आहे त्याला साधे नाव द्यायचे: राग आहे, भीती आहे, आपण काही करू शकलो नाही असे वाटते आहे. पाच-सहा श्वास, सोडताना थोडे लांबवत. शेवटी गेलेल्या स्त्रीसाठी मनातल्या मनात एक वाक्य, ‘तिचे भले होवो’ इतके साधे, आणि तांब्यातले पाणी पिऊन उठायचे. भावनेला नाव देण्याने तिची तीव्रता कमी होते, असे मॅथ्यू लीबरमन यांच्या प्रयोगांत मेंदूच्या प्रतिमांवरूनही दिसले आहे; त्यामुळे या क्रमातील नाव देण्याचा भाग वगळू नये. अशी तीन मिनिटे दिवसातून चारदा मिळाली तर ती आठवड्यातून एकदाच्या तासाभराच्या ध्यानापेक्षा या कामाला अधिक उपयोगी पडण्याची शक्यता आहे, कारण ताण प्रकरणागणिक साचतो.

या सरावाचे शब्द परके असण्याचे कारण नाही. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांचे हे गाव आहे आणि येथील वीरशैव घरांत डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून त्यावर दृष्टी स्थिर करण्याची परंपरा चालत आली आहे. जिल्ह्यातच पंढरपूर असल्याने नामस्मरण हजारो घरांत रोज होते. मुस्लीम घरांत तसबीहचे मणी सरकत असतात. या साधना आणि सजगता एकच नव्हेत, कारण नामस्मरणात मन एका पवित्र नामाने भरले जाते तर सजगतेत मनात जे येईल ते पाहिले जाते. पण विखुरलेले लक्ष परत आणण्याचे कौशल्य दोहोंत समान आहे, आणि ज्या परिचारिकेला हरिपाठाची सवय आहे तिला ते नव्याने शिकवावे लागत नाही. प्रशिक्षकाने कोणावरही एका परंपरेची भाषा लादू नये, एवढे पथ्य मात्र पाळायला हवे.

सावधगिरीचीही बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे चुकीचे ठरेल. आघातातून गेलेल्या माणसाला, आणि मदतनीसांपैकी पुष्कळ जण स्वतः त्यातून गेलेले असतात, डोळे मिटून आत पाहायला सांगितले की नेमकी तीच दृश्ये अंगावर येऊ शकतात; श्वासाकडे लक्ष दिल्याने गुदमरल्याची भावना वाढू शकते. डेव्हिड ट्रेलेव्हन यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात याच कारणासाठी आघात-संवेदनशील सजगतेची मांडणी केली. तिचे व्यवहारी सूत्र असे की डोळे उघडे ठेवण्याची मुभा असावी, श्वासाऐवजी तळवे, हातातील वस्तू किंवा बाहेरचा आवाज यांवर लक्ष ठेवता यावे, सराव लहान असावा आणि त्रास वाढला तर थांबणे हे अपयश मानले जाऊ नये. ज्याला रोज दुःस्वप्ने पडत आहेत किंवा जगणे नकोसे वाटत आहे अशा माणसाला ध्यानशिबिराला पाठवण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे.

पुराव्यांबद्दलही प्रामाणिक राहिले पाहिजे. २०१४ साली जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४७ चाचण्या आणि ३,५१५ सहभागी विचारात घेणाऱ्या आढाव्यात ध्यानाच्या कार्यक्रमांनी चिंता आणि नैराश्य यांत अल्प ते मध्यम स्वरूपाची सुधारणा होते असे आढळले, परंतु व्यायामासारख्या अन्य सक्रिय उपायांपेक्षा ध्यान सरस आहे असे दिसले नाही. याआधी २००९ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे ७० डॉक्टरांसाठी झालेल्या कार्यक्रमात थकवा लक्षणीयरीत्या कमी झाला होता. मात्र तेथे ध्यानाच्या जोडीला डॉक्टर आपल्या कामातले अवघड प्रसंग लिहून काढत आणि एकमेकांना वाचून दाखवत, ऐकणारे मध्ये न बोलता ऐकत. त्या यशात ध्यानाचा वाटा किती आणि प्रथमच कोणीतरी आपले ऐकून घेतले याचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. दुसऱ्या टोकाला, २०२४ साली ब्रिटनमधील ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेल्या विल्यम फ्लेमिंग यांच्या अभ्यासात सजगतेची अ‍ॅप्स, ताण-व्यवस्थापनाची व्याख्याने अशा व्यक्तीपुरत्या उपक्रमांत भाग घेणारे कर्मचारी भाग न घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुस्थितीत आढळले नाहीत.

या निष्कर्षाने सजगता निकामी ठरत नाही. तिची जागा निश्चित होते. सलग दुसऱ्या नाइट ड्युटीवर असलेल्या सिस्टरला श्वास मोजायला शिकवणे आणि वॉर्डातील रिक्त पदे तशीच ठेवणे हे तिच्या थकव्याची जबाबदारी तिच्याच गळ्यात बांधणे आहे. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची जाहिरात करणाऱ्या संस्थाप्रमुखाने आधी हे पाहावे की कंत्राटी समुपदेशकाचे मानधन वेळेवर मिळते का, एकाच व्यक्तीकडे लागोपाठ बालअत्याचाराचीच प्रकरणे जातात का, जेवणाची सुट्टी खरोखर मिळते का, आणि दाराला कडी लावून पाच मिनिटे बसता येईल अशी एक तरी खोली इमारतीत आहे का. यापुढची गोष्ट पर्यवेक्षणाची. समुपदेशनाच्या क्षेत्रात पर्यवेक्षण म्हणजे चुका काढणारी तपासणी नव्हे; अनुभवी सहकाऱ्यापुढे ठरलेल्या दिवशी, गोपनीयता राखून, आपली अवघड प्रकरणे आणि त्यांनी आपल्यावर केलेला परिणाम मांडण्याची ती बैठक असते. परोक्ष आघातावरचा हा जुना आणि विश्वासाचा उपाय आहे. सिव्हिलचा मानसोपचार विभाग, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि शहरातील समाजकार्याचे अध्यापक यांनी मिळून महिन्यातून एकदा अशी बैठक सखी केंद्र, संरक्षण अधिकारी, पॉक्सो प्रकरणांतील साहाय्यक व्यक्ती आणि महिला पोलिसांसाठी घेतली, आणि ती कामाच्या वेळेत धरली, तर त्यासाठी नवी इमारत किंवा मोठा निधी लागणार नाही. त्या बैठकीची पहिली पाच मिनिटे सजगतेच्या सरावाला द्यावीत. तेथे ती शोभेल आणि टिकेलही.

किल्लारीला, कोविडला किंवा रोजच्या कॅज्युअल्टीला सामोरे गेलेल्यांपैकी कोणी हा लेख वाचत असेल आणि झोप, चिडचिड किंवा बधिरपणा यांची वर सांगितलेली लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकून असतील, तर केंद्र शासनाची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या सेवेत मराठीतून तसेच अन्य भारतीय भाषांतूनही बोलता येते, आणि फोन करणारा रुग्ण असावा अशी कोणतीही अट नाही. परिचारिका, पोलीस, समुपदेशक, आशाताई यांनीही तो क्रमांक स्वतःसाठी लावावा.